जिल्हा परिषद, ग्रामपंचायत व नगरपालिका कर्मचाऱ्यांची वर्तणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खातेनिहाय चौकशी म्हटली की लोकांना लाचेचे पाकीट आठवते. प्रत्यक्षात चौकशीच्या फायलींत दुसराच माल जास्त सापडतो: उशिरा भरलेली वसुली, न कळवलेला प्लॉट, न दिलेला चार्ज, तोंडी आदेशावर केलेले काम. पुढची उत्तरे मुख्यतः महाराष्ट्रातील जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी आहेत. जिथे महापालिका-नगरपालिकांचा फरक पडतो तिथे तो सांगितला आहे. शेवटी नागरिकांचे प्रश्नही घेतले आहेत.

आम्हाला नेमके कोणते नियम लागू होतात?

पगार कोण काढतो यावर हे ठरत नाही, नेमणूक कोणत्या सेवेत आहे यावर ठरते. जिल्हा परिषदेच्या वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांना, म्हणजे प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक (२०२४ नंतरच्या नावाने ग्रामपंचायत अधिकारी), आरोग्यसेवक, कनिष्ठ सहायक, परिचर यांना महाराष्ट्र जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, १९६७ लागू आहेत. शिक्षेची बाजू १९६४ च्या शिस्त व अपील नियमांत आहे. त्याच इमारतीत बसणारे गटविकास अधिकारी किंवा उपमुख्य कार्यकारी अधिकारी मात्र राज्य शासनाचे. त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागतात. महापालिकांचे स्वतःचे सेवाविनियम असतात आणि आयुक्तांचे शिक्षेचे अधिकार १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ५६ मधून येतात. मुंबईचा अधिनियम वेगळा, १८८८ चा. ग्रामपंचायतीचा शिपाई किंवा पाणीपुरवठा कर्मचारी पंचायतीने नेमलेला असतो. तो जिल्हा सेवेत मोडत नाही.

भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मात्र या सगळ्यांना लागू आहे. कंत्राटी माणूस आणि सरपंचसुद्धा त्यातून सुटत नाहीत.

एक नेहमीची चूक: जिल्हा परिषद कर्मचाऱ्याच्या दोषारोपपत्रात १९७९ च्या नियमांचा हवाला दिलेला असतो. एवढ्यावरून दोषारोपपत्र रद्द होईल या आशेवर बसू नका. अधिकार योग्य असेल तर नियमाचा चुकीचा आकडा सहसा जीवघेणा ठरत नाही. हरकत मात्र पहिल्याच उत्तरात लेखी नोंदवा.

प्रत्येक दोषारोपपत्रात "नियम ३ चा भंग" का असतो?

कारण तो सगळ्यांत रुंद नियम आहे. नितांत सचोटी, कर्तव्यपरायणता आणि पदाला न शोभणारे वर्तन न करणे, या तीन गोष्टी त्यात येतात. दुसरा कोणता नियम सापडला नाही तरी हा सापडतोच. म्हणून बचाव करताना नियमावर वाद घालण्यापेक्षा घटनेवर बोला: कोणत्या तारखेला कोणते काम माझ्याकडे होते, ते का झाले नाही, मी कोणाला कळवले.

साहेब तोंडी सांगतात आणि नंतर अंग काढून घेतात. काय करावे?

आदेश लेखी मागायला अवघड वाटत असेल तर काम करताना टिपणीतच लिहा: "दि. अमुक रोजी दूरध्वनीवरून दिलेल्या निर्देशानुसार प्रस्ताव सादर." फाईल त्यांच्याच टेबलावर जाते, ते सही करतात, आदेश कायम होतो. सही करायला नकार दिला तर तो आदेश कसा होता हेही समजते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आदेश त्याच दिवशी छापून फाईलला लावावा. फोन बदलला, गट बंद झाला की पुरावा गेला.

दिवाळीत ठेकेदार मिठाईचा बॉक्स ठेवून जातो. त्यातही नियम?

हो, आणि बांधकाम शाखेत तर खास. भेटवस्तूंना सूट आहे ती लग्न, मुंज, बारसे अशा प्रसंगी नातेवाइकांकडून आणि ज्यांच्याशी कार्यालयीन संबंध येत नाही अशा मित्रांकडून, रूढीप्रमाणे मिळालेल्या वस्तूंसाठी. त्यातही ठरावीक किमतीच्या वर गेले की कार्यालयाला कळवावे लागते. ही मर्यादा गटानुसार वेगळी असते आणि अधिसूचनेने बदलते, म्हणून आकडा आस्थापना शाखेतून घ्या, सहकाऱ्याच्या आठवणीतून नको. ज्याचे देयक तुमच्या टेबलावर येते त्याचा बॉक्स कोणत्याच सुटीत बसत नाही.

तुम्ही जागेवर नसताना कोणी बॉक्स ठेवून गेला असेल तर त्याच दिवशी परत पाठवा, पोच घ्या आणि आवक-जावक नोंदवहीत एक ओळ टाका. शिपायांत वाटून टाकला तर तो "स्वीकारला" असाच धरला जातो.

निरोप समारंभ खाजगी, साधा आणि स्वेच्छेचा असेल तर चालतो. त्यासाठी हाताखालच्यांकडून ठरवून वर्गणी काढली की तो वर्तणुकीचा विषय होतो. चहाचा कप किंवा वाटेत मिळालेली लिफ्ट भेटीत मोडत नाही. ठेकेदाराच्या फार्महाउसवरचे जेवण मात्र त्या सदरात बसवू नका.

पैसे हातात घेतलेच नाहीत, तरी गुन्हा कसा?

२०१८ च्या दुरुस्तीनंतर कलम ७ चा शब्द "गैरवाजवी फायदा" असा आहे. तो मिळवण्याचा प्रयत्नही कलमात येतो, म्हणून केलेली मागणी पुरेशी ठरू शकते. शिक्षा किमान ३ वर्षे, कमाल ७. खाजगी इसमामार्फत, म्हणजे दारावरचा एजंट, झेरॉक्सवाला, गाडीचा चालक यांच्या हातून घेतले तरी फरक पडत नाही. तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी परिस्थितिजन्य पुराव्यावर मागणी सिद्ध करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता प्रकरणात सांगितले आहे.

सापळ्याची पद्धत माहीत असलेली बरी. तक्रार आली की आधी पडताळणी होते: तक्रारदाराला व्हॉइस रेकॉर्डर आणि पंच देऊन पाठवतात आणि मागणीचे बोलणे टिपतात. मग नोटांना फिनॉल्फ्थेलिन पावडर लावतात. नोटांना लागलेला हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवला की द्रावण गुलाबी होते. खिसा, ड्रॉवर, रुमाल यांचीही तशीच धुलाई होते. "मी हात लावला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवायला सांगितले" हा बचाव तिथेच संपतो, कारण ते सांगणेही रेकॉर्डरवर असते.

कोणी जबरदस्तीने टेबलावर पैसे ठेवून गेले तर?

नोटांना हात लावू नका. मोठ्याने नकार द्या, शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलवा, त्यांच्यासमोर त्या माणसाला उचलायला सांगा. निघून गेला असेल तर तिथल्या तिथे वरिष्ठांना फोन आणि त्याच तासात लेखी अहवाल. उद्या लिहितो म्हणून राहिलेला अहवाल नंतर कोणी खरा मानत नाही.

घरपट्टीची वसुली दोन-तीन दिवस जवळ राहिली, नंतर पूर्ण भरली. तरी अपहार?

हो. याला "तात्पुरता अपहार" म्हणतात आणि ग्रामपंचायतीत सर्वाधिक माणसे याच खड्ड्यात पडतात. रक्कम परत भरल्याने नुकसान भरून निघते, कृत्य पुसले जात नाही. लोकसेवकाने केलेल्या विश्वासघाताचा गुन्हा, म्हणजे पूर्वीचे कलम ४०९, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ (५) मध्ये आहे.

पैशाची वाट ठरलेली आहे. पैसे घेताक्षणी नमुना १० ची पावती, इतर जमेसाठी नमुना ७. त्याच दिवशी किर्दीत, म्हणजे रोकडवहीत (नमुना ५) नोंद. मग बँकेत भरणा आणि चलनाची प्रत पावतीपुस्तकामागे. घोटाळा होतो तो बहुधा असा: वसुली मोहिमेत शिपाई पावत्या फाडतो, रोकड त्याच्याकडेच राहते, ग्रामसेवक आठवड्याने एकदम किर्द लिहितो. लेखापरीक्षक पावतीची तारीख आणि चलनाची तारीख शेजारी ठेवतो, बाकी त्याला काही शोधावे लागत नाही. वसुलीच्या रोकडीतून परस्पर खर्च भागवणे हा दुसरा प्रकार. ब्लीचिंग पावडर खरोखर आणली असली, बिल असले, तरी जमा आधी बँकेत आणि खर्च नंतर, हा क्रम मोडलेलाच राहतो.

नवा प्रकार क्यूआर कोडचा. "पंचायतीचा कोड चालत नव्हता म्हणून माझ्या नंबरवर घेतले" हे वाक्य कितीही खरे असले तरी सरकारी पैसा खाजगी खात्यात गेला हे बँकेच्या उताऱ्यावर दिसते. कोड चालत नसेल तर वसुली थांबवा किंवा रोखीने घेऊन पावती द्या. स्वतःचा नंबर देऊ नका, एका दिवसासाठीही नाही.

प्लॉट घेतला तर कधी कळवायचे? विवरणपत्रात दाखवले की झाले ना?

नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्थावर मालमत्तेचा व्यवहार होण्याआधी सक्षम प्राधिकाऱ्याला कळवावे लागते, आणि समोरचा माणूस तुमच्या कार्यालयीन कामाशी संबंधित असेल तर पूर्वमंजुरीच लागते. वार्षिक मत्ता व दायित्व विवरणपत्र वेगळे: ३१ मार्चच्या स्थितीनुसार, गट ड वगळून सर्वांनी भरायचे. ते न भरणे हा स्वतंत्र ठपका ठरतो.

वारसाने आलेली जमीन, पत्नीच्या नावावरची सदनिका, सोसायटीचे कर्ज, हातउसने घेतलेली मोठी रक्कम हे सगळे दाखवा. लोक लपवतात ते बेहिशोबी म्हणून नव्हे, कंटाळा म्हणून. पण अपसंपदेच्या, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्तेच्या चौकशीत पहिला कागद मागवतात तो हाच, आणि त्यात नसलेली मालमत्ता वैध उत्पन्नातून घेतली हे पटवणे फार जड जाते. विवरणपत्राची पोच घेतलेली प्रत घरी ठेवा.

नोकरी सांभाळून जोडधंदा चालतो का?

वडिलोपार्जित शेती चालते, उत्पन्न दाखवावे. अधूनमधून साहित्यलेखन चालते. विमा एजन्सी, जमीनखरेदीची दलाली, साखळी विक्री, परवानगीशिवाय दुकान चालत नाही. पत्नीच्या किंवा पतीच्या नावावर व्यवसाय असला तर तो कळवायचा असतो, आणि त्यासाठी तुम्ही स्वतः गिऱ्हाईक गोळा करायचे नसते. शिक्षक केंद्रसंमेलनात सहकाऱ्यांना पॉलिसी समजावताना दिसला की "एजन्सी पत्नीची आहे" या म्हणण्याला अर्थ उरत नाही. शिक्षकांच्या खाजगी शिकवण्यांवर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने थेट बंदी आहे.

निवडणुकीत काय चालते? बायको सरपंचपदाला उभी आहे.

मतदान करा. प्रचार, सूचक म्हणून सही, बूथ एजंट, पक्षाला वर्गणी यांतले काही नको. गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणे हाही वजन वापरल्याचा प्रकार धरला जातो.

पत्नी उभी राहू शकते, तो तिचा हक्क आहे. तुम्ही कार्यालयाला लेखी कळवा. ती निवडून आली आणि तुम्ही त्याच ग्रामपंचायतीचे किंवा त्या पंचायत समिती गणाचे काम पाहत असाल तर स्वतःहून बदलीचा अर्ज द्या. बदली होईपर्यंत त्या गावाची देयके, मोजमाप पुस्तिका, मंजुऱ्या दुसऱ्याकडे वर्ग करून मागा. अर्ज फेटाळला गेला तरी तो फायलीत असणे तुमच्या बाजूचे असते.

व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवर लिहिण्याचे काय?

शासनाच्या धोरणावर जाहीर टीका आणि अनधिकृतपणे माहिती बाहेर देणे, हे दोन्ही जुन्याच नियमांत मना आहे. समाजमाध्यम हे फक्त नवे पटांगण. जुलै २०२५ मध्ये सामान्य प्रशासन विभागाने यावर स्वतंत्र सूचना दिल्या आणि त्यांच्या कक्षेत स्थानिक स्वराज्य संस्था व कंत्राटी कर्मचारीही आणले. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाते वेगळे ठेवायचे. शासकीय बोधचिन्ह, गणवेश, वाहन, इमारत यांचा वापर वैयक्तिक छायाचित्रांत-चित्रफितींत करायचा नाही. बदली झाली की कार्यालयीन खाते नव्या माणसाच्या हवाली करायचे.

लाभार्थ्यांची यादी, आधार क्रमांक, बँक तपशील गावाच्या गटात टाकणे ही सध्याची सर्वांत स्वस्तात ओढवून घेतलेली आफत आहे.

बदलीसाठी आमदारांचे पत्र आणले तर?

राजकीय किंवा बाहेरचे वजन आणणे हा गैरवर्तणुकीचा प्रकार आहे. १९७९ च्या नियमांत तो नियम २३ आहे. पत्र तुम्ही न मागता आले असेल तर तसे लिहून द्या.

मुख्यालयी राहणे अजूनही सक्तीचे आहे?

आहे. ग्रामविकास विभागाने २०१९ मध्ये त्यासाठी ग्रामसभेचा ठराव जोडायला लावला आणि घरभाडे भत्त्याचा वाद त्यातूनच पेटता राहिला. गावात राहण्यालायक घर मिळत नाही ही अडचण अनेक ठिकाणी खरी आहे, ते लेखी कळवून परवानगी मागता येते. मात्र तालुक्याला राहायचे आणि गावात राहतो असा दाखला जोडायचा, यात प्रश्न भत्त्याच्या वसुलीचा राहत नाही, खोट्या दाखल्याचा होतो. दाखला देणारेही अडकतात.

बदली झाली, पण जुन्या गावचे दप्तर अजून माझ्याकडेच आहे.

आजच द्या. चार्ज यादी दोन प्रतींत करा: किर्द, पावतीपुस्तके (वापरलेली, अर्धवट, कोरी, क्रमांकांसह), नमुना ८ (कर आकारणी) आणि ९ (कर मागणी), ठरावपुस्तक, मोजमाप पुस्तिका, पासबुके, धनादेश पुस्तके, साठा नोंदवही, शिक्के, डिजिटल स्वाक्षरीची चावी. शेवटची गोष्ट सर्रास विसरतात आणि नंतर त्या सहीने निघालेल्या देयकांची जबाबदारी अंगावर येते. पुढचा माणूस घ्यायला येत नसेल तर गटविकास अधिकाऱ्यांना तारखेसह कळवा आणि विस्तार अधिकाऱ्यासमोर चार्ज देण्याची तारीख मागा. अभिलेख गहाळ करणे हे महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली गुन्हा आहे: ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

ग्रामपंचायतीत लैंगिक छळाची तक्रार कुठे करायची? समितीच नाही.

१० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती हवीच. नसेल तर नियोक्त्याला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. ग्रामपंचायतीत, अंगणवाडीत, उपकेंद्रात एवढी माणसे नसतात. तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तक्रार नियोक्त्याविरुद्धच असेल तरीही तीच जागा. "आधी गावात मिटवून घ्या" असे सांगणारा वरिष्ठ चूक करतो. मुदत घटनेपासून ३ महिने, सबळ कारण असेल तर आणखी ३ महिने. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते.

निलंबन झाले. आता?

निलंबन ही शिक्षा नाही, पण घरात ते तसेच उतरते. ४८ तासांहून अधिक कोठडी झाली तर निलंबन मानीवच असते, म्हणजे आपोआप झाले असे धरले जाते. सुरुवातीला निर्वाह भत्ता अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका असतो. तीन महिन्यांनंतर, लांबणीला तुम्ही कारण नसाल तर, तो निम्म्याने वाढू शकतो. दर महिन्याला "अन्यत्र नोकरी-धंदा करीत नाही" हे प्रमाणपत्र द्यावे लागते, ते चुकले की भत्ता अडतो. आदेशात दिलेले मुख्यालय परवानगीशिवाय सोडू नका.

९० दिवसांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात म्हटले. ९ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने राज्याने ते स्वीकारले. ९१ व्या दिवशी अर्ज करा.

दोषारोपपत्र हातात पडले. पहिल्या दहा दिवसांत काय करावे?

चार जोडपत्रे आहेत का पाहा: दोषारोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. यादीतले कागद मिळाले नसतील तर उत्तराआधी लेखी मागणी करा, आणि मुदतीच्या आतच करा. उत्तर न देता गप्प बसलात तर चौकशी एकतर्फी चालते. प्रत्येक आरोपाला वेगळे उत्तर लिहा. "सर्व आरोप अमान्य" एवढ्या एका ओळीने आरोप नाकारला जातो, तुमची बाजू मात्र कुठेच नोंदली जात नाही.

बचाव सहायक घ्या, शक्यतो लेखा किंवा आस्थापना जाणणारा सेवानिवृत्त माणूस. प्राथमिक चौकशीतले जबाब तसेच्या तसे पुरावा म्हणून वापरले जात असतील तर साक्षीदाराला बोलावून उलटतपासाची संधी मागा. चौकशी अहवालाची प्रत शिक्षेपूर्वी मिळणे हा १९९३ च्या करुणाकर निकालापासून पक्का हक्क आहे.

अपील मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे. त्यानंतर मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जाऊन वेळ घालवू नका. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांचे प्रकरण तिथे चालत नाही, उच्च न्यायालयात जावे लागते. फौजदारी खटल्यातून सुटलात म्हणून खातेनिहाय चौकशी आपोआप संपत नाही.

"सेवेतून काढून टाकणे" आणि "बडतर्फ" यात फरक काय?

बडतर्फीनंतर पुढची शासकीय नोकरी सर्वसाधारणपणे बंद. काढून टाकण्यात ती बंद होत नाही.

नागरिक म्हणून तक्रार कुठे करायची?

काम अडले आहे की पैसे मागितले, हे आधी ठरवा. दोन्हींची दारे वेगळी आहेत.

दाखला, नमुना ८ चा उतारा अशा अधिसूचित सेवेला उशीर झाला तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली प्रथम अपील, द्वितीय अपील आणि मग आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्जाची पोच घेतली नसेल तर मुदत मोजायला सुरुवातच होत नाही, हे लक्षात ठेवा. कामचुकारपणा किंवा उद्धटपणाची तक्रार ग्रामसेवकाविरुद्ध गटविकास अधिकाऱ्यांकडे, नगरपालिकेत मुख्याधिकाऱ्यांकडे, महापालिकेत आयुक्तांकडे. तारीख, वेळ, कोणते काम, कोण साक्षीदार, एवढे एका पानात लिहा. निनावी अर्ज बहुधा दप्तरी दाखल होतो, म्हणजे कारवाईविना फायलीत पडतो.

पैसे मागितले असतील तर १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. लाच देणाराही आता गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांत कळवणाऱ्याला संरक्षण आहे.

कर्मचाऱ्याचे मालमत्ता विवरणपत्र माहिती अधिकारात मिळते का?

सहसा नाही. अकोल्यातील एका अधिकाऱ्याची सेवाविषयक आणि मालमत्तेची माहिती मागितली गेली होती, त्या गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती वैयक्तिक माहिती ठरवली. कामाची देयके, मोजमाप पुस्तिका, ठराव, हजेरीपट हे मात्र मागा. गैरव्यवहार असेल तर तो तिथेच दिसतो.

सेवानिवृत्त झालो. आता जुने प्रकरण उकरता येते का?

निवृत्तीपूर्वी सुरू झालेली चौकशी पुढे चालू राहते. नव्याने सुरू करायची तर महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ च्या नियम २७ प्रमाणे घटना चौकशी सुरू होण्याच्या आधीच्या ४ वर्षांतली असावी लागते. फौजदारी गुन्ह्याचे गणित वेगळे. निवृत्तीच्या सहा महिने आधीच लेखा आक्षेपांची यादी मागवून घ्या, कारण ना-देय प्रमाणपत्र अडते ते बहुधा दहा-बारा वर्षांपूर्वीच्या, दोनशे रुपयांच्या न लावलेल्या प्रमाणकापायी (व्हाउचरपायी). आणि ते प्रमाणक ज्या गावच्या दप्तरात आहे तिथला माणूस तोवर तीनदा बदललेला असतो.